चित्र वजा आवाज

त्या वर्षीचा ‘आदर्श डिजिटल शाळा’ पुरस्कार आमच्या शाळेला मिळाला नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता ते विसरून जा. पुरस्कार आपल्यालाच मिळालेला आहे असं समजून पुढचं वाचा, कारण त्या सकाळी आम्ही सगळे तसंच समजून होतो. मुख्याध्यापक ताजणे सरांनी तर ऑफिसच्या भिंतीवर खिळासुद्धा ठोकून घेतला होता. गाव कोळशाच्या खाणीजवळचं, त्यामुळे खिळ्यावर दुपारपर्यंत काळी पूड बसायची आणि शिपाई रघुजी तो रोज फडक्यानं पुसायचा. त्यावर काही टांगलेलं नसताना रोज पुसला जाणारा तो जिल्ह्यातला एकमेव खिळा असावा.

“जरा उजवीकडे वाटते का हो?” सरांनी मला विचारलं.

“खिळा?”

“पुरस्कार.”

“नाही सर. मधोमध आहे.”

“बरं,” सर म्हणाले आणि कोटाचं वरचं बटण लावलं. बंद गळ्याचा कोट. मार्च महिना होता, पंखा बंद पडलेला होता, पण समिती बघणार म्हटल्यावर कोट हवाच.

समिती येणार नव्हती. ती जिल्ह्याच्या ठिकाणी एका थंडगार खोलीत बसणार होती आणि अकराला आम्ही तिला पडद्यावर दिसणार होतो. सातवीची मुलं तेल चोपडून कॉम्प्युटर खोलीत बसवली होती. कोणी कधी हात वर करायचा हे ठरलेलं होतं. हात वर करणाऱ्यांपैकी कोणाला विचारायचं नाही हेही ठरलेलं होतं.

मी त्या शाळेत तासिका तत्त्वावरचा कॉम्प्युटर शिक्षक. आडनाव मिलमिले. नेट चालू असलं की मला कोणी ओळखत नसे, बंद पडलं की गावभर माझ्या नावानं हाका.

आता नेटचं सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं समजणार नाही.

आमच्या संस्थेच्या एकाच आवारात दोन शाळा होत्या. एक आमची, ती शिक्षण खात्याकडे. मधल्या भिंतीपलीकडे निवासी मूकबधिर शाळा, ती समाजकल्याणकडे. खाती वेगळी म्हणून खडू वेगळे, माठ वेगळे, पंधरा ऑगस्टचे झेंडेसुद्धा वेगळे. नेट मात्र एकच आलं. दुसरं घेण्याइतकी संस्थेची इच्छा नव्हती. सचिवांनी ठराव केला : नेट एक, शाळा दोन, आणि कोणाचं कोणाला दिसू नये. ठराव अंमलबजावणीसाठी माझ्याकडे आला.

मी अंमलबजावणी केली. राउटर आमच्या ऑफिसातल्या लाकडी कपाटात बसवला. त्याची किल्ली ताजणे सरांच्या जानव्याला असती, पण सर जानवं घालत नसत, म्हणून ती खिशात असायची. खंडेनवमीला रघुजीनं राउटरची पूजा केली होती, तेव्हाचं हळदकुंकू त्याच्या फटींत अजून होतं. तिथून एक वायर काढली, भिंतीला भोक पाडून पलीकडे नेली आणि दोन वेगळी नेटवर्कं करून दिली. एका विहिरीवर दोन घरं पाणी भरतात तसं. पाणी एक, पण कोणी कोणाच्या घागरीत डोकवायचं नाही.

राहिली वाटणी. ताजणे सर गणिताचे.

“मिलमिले, व्हिडिओत काय काय असते?”

“चित्र असतं सर, आणि आवाज असतो.”

“चित्र अधिक आवाज बरोबर पूर्ण नेट. मान्य?”

“मान्य.”

“पलीकडल्या लेकरांना आवाज ऐकू येते?”

“नाही सर.”

“मग आवाज वजा करा. काय राहिलं?”

“चित्र.”

“म्हणजे अर्धं. त्यांचं अर्ध्यात भागते.”

मी म्हणालो, “सर, आवाजाला नेट अगदी थोडं लागतं. सगळं चित्रच खातं. आणि ते हातांनी बोलतात. आपलं चित्र अडकलं तरी आपण आवाजावर निभावतो. त्यांचं चित्र अडकलं की बोलणंच अडकतं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “गणित कोण शिकवते?”

“तुम्ही, सर.”

“मग?”

मी अर्धं दिलं. पुढे स्टाफरूममध्ये असं निघालं की पलीकडे मुलंही कमी आहेत, तेव्हा अर्ध्याचं पाव झालं. हे दुसरं गणित मला कोणी करून दाखवलं नाही, नुसतं उत्तर सांगितलं.

मोबाइलचं म्हणाल, तर गावात पाण्याच्या टाकीवर चढलं की एक काडी यायची, तीही बोलण्यापुरती. बोलणं हा पलीकडच्या मुलांचा विषय नव्हता. त्यामुळे दर रविवारी ती सगळी वॉर्डनच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर रांग लावायची. घरचं माणूस पडद्यावर यायचं, दोन खुणा करायचं आणि थिजायचं. पाव नेटमध्ये आई-बाप असे तुकड्यातुकड्यांनी येत.

मला ती शाळा आवडायची. तिथं घंटेऐवजी दिवा लुकलुकायचा. टाळ्या वाजवत नसत, दोन्ही हात वर करून पंजे हलवत. पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून मोठ्यांदा “नमस्कार!” म्हणालो होतो आणि सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाठच ठेवली होती. असा अपमान माझा आमच्याही शाळेत होत असे, पण इथं त्याला कारण होतं.

प्रत्येकाला तिथं खुणेचं एक नाव होतं. माझं नाव डाव्या तळहातात उजवी दोन बोटं खोचणं, म्हणजे पिन लावणारा. ताजणे सरांचंही नाव होतं : गळ्याशी चिमूट धरून बटण लावल्यासारखं करायचं. सरांना ते माहीत नव्हतं. ते पलीकडे जातच नसत.

ही नावं मला सांगितली समीक्षा डाहुलेनं. सहावीतली मुलगी, वेणी घट्ट, प्रश्न फार. ती पाटीवर लिहून विचारायची. एकदा लिहिलं, ‘आई नेटमध्ये कुठून येते?’ मी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. हे नागपूर, ही वायर, हे ताजणे सरांचं कपाट, ही भिंत, हे भोक, ही तू. खाली लिहिलं, ‘सगळ्यांचं बोलणं आधी ताजणे सरांच्या कपाटात येतं. सरांनी सोडलं की तुझ्याकडे येतं.’ मुलं हसली. समीक्षा हसली नाही. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

तर ती सकाळ. अकराला थोडाच वेळ होता.

“अकरा ते बारा पलीकडलं बंद,” ताजणे सर म्हणाले. “पूर्ण बंद.”

“पावसुद्धा?”

“पावसुद्धा. समितीसमोर आपण अडखळलो तं खिळा वाया.”

तेवढ्यात मधल्या फाटकातून मडावी मॅडम आल्या. पलीकडच्या शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. त्या कधी धावत नसत. आज त्यांना धाप लागली होती.

“ताजणे सर, आमच्या समीक्षाच्या आईचं ऑपरेशन आहे आज नागपूरला. हृदयाचं. दुपारी होतं, आता अकराच्या सुमारास घेतो म्हणून राहिले. लेकराला एकदा बोलू द्या तिच्याशी.”

“बोलू द्या ना, बाई. कोण नाही म्हणते?” सरांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढून पुढे धरला. “हा घ्या. बिलाचं पाहू नका. रघुजी, लेकराला टाकीवर ने.”

मडावी मॅडमनी मोबाइलकडे पाहिलं. मी पाहिलं. थोड्या वेळानं सरांनीही पाहिलं आणि तो परत खिशात ठेवला.

“मग मेसेज टाका.”

“आईला वाचता येत नाही, सर. तीही लेकीसारखीच आहे, ऐकू येत नाही. तिच्या वेळी तिच्यासाठी शाळाच नव्हती कुठं. मायलेकी हातांनंच बोलतात.”

“लेकीचे वडील?”

“ट्रक घेऊन ओडिशाकडे गेले आहेत, निघाले तिथून. नागपुरात मामा आहे सोबत. मामाला चार खुणा येतात. त्यातल्या दोन चहाच्या.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “बाराला देतो. अर्धंबिर्धं नाही, पूर्ण देतो. डॉक्टरला म्हणा, तासभर थांबा.”

“डॉक्टरला मी म्हणू?”

“मग समितीला मी म्हणू?”

सर वाईट माणूस नव्हते. हे मी आज म्हणतो असं नाही, तेव्हाही म्हणायचो. माझ्या मानधनावर त्यांची सही लागायची. सर कोट झटकत कॉम्प्युटर खोलीकडे गेले. मडावी मॅडम माझ्याकडे वळल्या.

“तुम्ही काय करून राहिले, मिलमिले सर?”

“बंद करतोय, मॅडम.”

“करा,” त्या म्हणाल्या. “लेकरू तयार होऊन बसलं आहे. नवा फ्रॉक घातला तिनं. मी जाऊन सांगते काढून ठेव म्हणून.”

त्या फाटकापर्यंत पोचल्या नसतील. मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर नेटच्या वाटणीच्या दोन रेघा होत्या, एक आमची लांब, एक त्यांची आखूड. मी लांब आखूड केली आणि आखूड लांब केली. मग कॉम्प्युटर खोलीच्या दारात जाऊन म्हणालो, “सर, पलीकडे बंद पडलं का ते खात्री करून येतो.”

“शाब्बास,” सर म्हणाले. समिती तोपर्यंत पडद्यावर आली होती. त्यातले एक साहेब चहात बिस्कीट बुडवत होते.

वॉर्डनच्या खोलीत समीक्षा खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. “लावा, चालू आहे,” मी मडावी मॅडमना म्हणालो. त्यांनी नंबर लावला. दारात आणि खिडकीत बाकीची मुलं.

आणि आई आली. तुकड्यातुकड्यांनी नाही, अख्खी आली. शोभनाबाई. हिरवा सुती झगा, केस टोपीत, मागे पांढरी भिंत आणि तिच्यावर एक पाल. पालसुद्धा दिसत होती. इतकं स्वच्छ चित्र त्या खोलीत कधी आलं नव्हतं. खिडकीतल्या मुलांनी पंजे हलवून टाळ्या वाजवल्या.

समीक्षानं मनगटाभोवती बोट फिरवलं.

“बांगड्या कुठं आहेत, विचारते,” मडावी मॅडम हळू आवाजात मला सांगू लागल्या.

पडद्यावर बाजूनं एक हात आला. तो मामाचा. त्यानं शर्टाच्या खिशातून हिरव्या बांगड्या काढून दाखवल्या आणि परत ठेवल्या.

आईच्या डाव्या हाताला सुई टोचून पट्टी लावलेली होती. तो हात चादरीवर निपचित. ती एकाच हातानं बोलत होती.

“असं कसं बोलतेय ती?” मी विचारलं.

“अर्ध्या आवाजात बोलल्यासारखं समजा,” मॅडम म्हणाल्या. “त्यात घरच्या खुणा आहेत. मलाही सगळ्या नाही समजत. … डोक्याला तेल लावलं का, विचारते. ही म्हणते, लावलं. ती म्हणते, खोटं. इथून कोरडं दिसते.”

समीक्षानं डोक्यावरून हात फिरवला आणि लाजली. मी तेवढ्यात अभिमानानं छाती फुगवली. केसांचा कोरडेपणा दिसेल एवढं नेट आम्ही पुरवत होतो.

मग समीक्षानं दोन्ही मनगटं एकावर एक ठेवली आणि आईकडे पाहत राहिली.

“काय विचारते?”

“तिथं हात बांधतात का, म्हणते.”

आईनं मामाकडे पाहिलं. मामानं कोणाकडे तरी पाहून विचारलं असावं. चित्राबाहेरून एका बाईचा आवाज आला, “हो, पट्टा लावतो ना. हलू नये म्हणून.” तो खोलीत फक्त मला आणि मॅडमना ऐकू आला. मामानं आईला मनगटं जोडून दाखवली. आईनं ते पाहिलं, लेकीकडे वळली आणि मान हलवली : नाही.

“नाही म्हणते,” मॅडम म्हणाल्या. त्याची गरज नव्हती, पण त्या म्हणाल्या.

समीक्षाचे खांदे सैल झाले. मग दोघी भरभर काही तरी बोलल्या. त्यातलं मॅडमना तुटक तुटक समजलं : मोती कुत्रा, मामीची शिलाई मशीन, कोणाचं तरी लग्न. आई हसली. त्या हसण्याला आवाज होता, जरासा चिरका. तो तिला स्वतःला माहीत नसावा.

पडद्यात एक नर्स आली. तिनं पलंगाच्या कडा वर केल्या. आईनं तिला तळहात दाखवला, थांब. लेकीकडे वळली. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांजवळ नेली आणि तिथून समीक्षाकडे रोखली.

“पाहा, म्हणते,” मॅडम म्हणाल्या. “आपण नाही का म्हणत, हे बघ, ऐक. यांच्यात ऐक नसते. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की—”

चित्र थांबलं.

दोन बोटं आमच्याकडे रोखलेली. पाल भिंतीवर. मी पडद्यावरचं ते गोल गोल फिरणारं चिन्ह पाहिलं. हे कमी नेटचं चिन्ह नव्हतं. हे नेटच नसल्याचं होतं.

समीक्षा हलली नाही. समोरचा माणूस थिजला तर आपणही थांबायचं, त्याला घाई करायची नाही, अशी त्यांच्या रविवारच्या रांगेतली रीत होती. तिनं आपली दोन बोटं डोळ्यांजवळ नेऊन पडद्याकडे रोखली. पाहतेय, सांग.

मी धावलो. फाटक, पायऱ्या, ऑफिस. कपाट उघडं होतं आणि ताजणे सर त्याच्यासमोर उभे होते. बोटाला हळद लागलेली.

“आलं का?” ते म्हणाले. “आपलं चित्र अडकलं होतं हो. मी उदाहरण सांगून राहिलो आणि तोंड उघडं ते उघडंच. म्हटलं मिलमिले पलीकडे आहेत, आपणच करू. बंद करून चालू केलं. तुम्हीच सांगता ना, आधी बंद करून चालू करा.”

हे मी शिकवलं होतं. स्टाफमधल्या प्रत्येकाला. संगणक साक्षरतेचा पहिला धडा म्हणून.

“सर, पलीकडे तिची आई होती.”

“कुठं?”

“पडद्यावर. बोलत होती.”

“पण पलीकडलं तं बंद होतं.”

“नव्हतं, सर. मी आपलं कमी करून त्यांना दिलं होतं. म्हणून आपलं अडकलं.”

सर मला खूप काही बोलू शकले असते. मी त्याची वाटही पाहत होतो. त्यांनी राउटरकडे पाहिलं. एकच दिवा, तोही लाल.

“किती वेळ लागते याला?”

“चार-पाच मिनिटं.”

“लवकर नाही होत?”

“नाही, सर.”

आम्ही दोघं कपाटासमोर उभे राहिलो. दुसरा दिवा लागला. विझला. परत लागला. सरांनी हात जोडले नाहीत, पण ते एकमेकांजवळ आले होते. वर भिंतीवर खिळा.

सगळे दिवे हिरवे झाले तेव्हा कॉम्प्युटर खोलीतून समितीचा आवाज आला, “वा! विद्यार्थ्यांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. एवढा वेळ एकही मूल जागचं हललं नाही.” त्यांनी तेवढा वेळ आमचं थिजलेलं चित्र पाहिलं होतं. साहेबांचं बिस्कीट संपलं होतं.

सर तिकडे गेले नाहीत. माझ्या मागून फाटकाकडे आले.

वॉर्डनच्या खोलीत फोन परत लागला होता. पडद्यावर मामा होता, एका लांब बोळात. मागे बंद दार, दारावर लाल दिवा. मामा समीक्षाकडे पाहत होता आणि त्याला काही तरी सांगायचं होतं. त्यानं बांगड्यांच्या खिशावर हात ठेवला. मग त्याला येत होत्या त्या चार खुणांपैकी एक त्यानं केली : जेवलीस का?

समीक्षानं मान हलवली. हो.

ताजणे सर दारात उभे होते. खिडकीतल्या मुलांनी त्यांना पाहिलं आणि एकमेकांना कोपरं मारत सगळ्यांनी गळ्याशी चिमटी नेली. सरांनी घाईनं स्वतःचं वरचं बटण चाचपलं. लागलेलं होतं. त्यांनी ते काढून परत लावलं. मुलांनी पुन्हा तीच खूण केली.

“काय झालं? काय सुटलं आहे माझं?” सरांनी मला विचारलं.

“काही नाही, सर. तुमचं नाव घेतायत.”

“माझं?”

“इथं तुमचं नाव ते आहे.”

सरांचा हात बटणावरच राहिला. समीक्षा अजून पडद्याकडे बघत होती. बोळ, लाल दिवा, मामाचा खांदा. सर माझ्याकडे न बघता म्हणाले,

“मिलमिले, ते पाव काढून टाका.”

“किती करू?”

“सगळं.”

“मग आपल्याला?”

“आपल्याला आवाज आहे,” सर म्हणाले.

शोभनाबाई त्या दाराबाहेर जिवंत आल्या नाहीत. दुपारी मडावी मॅडम टाकीवर चढल्या आणि त्यांनी मामाला फोन लावला. उतरायला त्यांनी फार वेळ लावला. समीक्षाला घ्यायला तिचे वडील ट्रक घेऊनच आले. ती पुढे बसली, नवा फ्रॉक तसाच.

पुरस्काराचं पुढे काय झालं ते तुम्ही विसरला असाल. मीच तसं सांगितलं होतं. तो एका अशा शाळेला मिळाला, जिथं त्या दिवशी वीजच नव्हती. पडद्यावर काहीच दिसेना म्हणून समिती स्वतः गाडी करून गेली, आणि तिथं तिला वडाभाताचं जेवण मिळालं. आमच्या शाळेला शिस्तीबद्दल एक ओळीचं प्रशस्तिपत्र आलं. त्याला चौकट लागत नव्हती. रघुजी खिळा पुसत राहिला.

तेरवी झाल्यावर समीक्षा परत आली. रविवारी रांगेत उभी राहिली नाही. मुलांचे आई-बाप आता अख्खे दिसायचे, आणि ती लांब बसून दुसऱ्यांचे आई-बाप बघायची.

पलीकडे तेव्हा मराठीच्या तासाला अर्जलेखन चालू होतं. मडावी मॅडम सांगायच्या, नीट अर्ज केला तर त्याचं उत्तर द्यावंच लागतं, तो नियम आहे. एका दुपारी समीक्षा फाटकातून आमच्या ऑफिसात आली, ताजणे सरांच्या टेबलावर कागद ठेवला आणि बाजूला हाताची घडी घालून उभी राहिली.

सरांनी वाचला. सगळा वाचला आणि पहिल्यापासून परत वाचला. मग उठले, खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं. राउटर उचलून खाली पाहिलं. मागे हात घालून वायरीच्या गुंत्यातून बोटं फिरवली. समीक्षा टाचा उंचावून बघत होती. रघुजी फडकं हातात धरून उभा.

सरांनी कपाट उघडंच ठेवलं. तिच्यासमोर आले आणि कसं सांगावं हे न कळून त्यांनी मान हलवली. ती त्यांच्याकडे पाहत होती. उत्तर पुरेसं वाटलं नसावं. मग सर खुर्चीत बसले, अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘शिफारस करण्यात येत आहे’, सही केली, तारीख टाकली आणि शाळेचा गोल शिक्का दाबून मारला. समीक्षानं शिक्का पाहिला आणि समाधानानं निघून गेली.

“पाठवा,” सरांनी कागद मला दिला.

“कुठं, सर?”

त्यांनी बराच विचार केला. “वरिष्ठांकडे,” ते म्हणाले.

नंतर माझी नोकरी बदलली, गाव बदललं. ताजणे सर निवृत्त झाले. अर्ज अजून माझ्याकडे आहे. पत्ता मिळाला की पाठवणार आहे. मजकूर असा :

प्रति,
मा. मुख्याध्यापक साहेब,
भिंतीपलीकडील शाळा.

विषय : राहिलेले वाक्य मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझी आई माझ्याशी बोलत असताना नेट बंद झाले. आईने ‘पाहा’ असे म्हटले होते. त्यापुढील वाक्य मला मिळालेले नाही. सगळ्यांचे बोलणे आधी आपल्या कपाटात येते, असे पिनवाल्या सरांनी शिकवले आहे. त्यामुळे ते वाक्य तिथेच राहिले असावे. वाक्य लहान असले तरी चालेल. आई एकाच हाताने बोलत होती, त्यामुळे ते अर्धे असले तरी मला समजेल.

तरी सदर वाक्य शोधून मला लवकरात लवकर मिळावे, ही नम्र विनंती.